छातीतली धडधड आणि सोडलेला श्वास

बुधवार, रात्री

आज लेखापरीक्षकांच्या बैठकीला जाण्यापूर्वी पुन्हा छातीत धडधडू लागले, घशाला कोरड पडली, तळहात घामेजले आणि थोड्याच वेळात ओठांभोवती व बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या. शेजारच्या टेबलावरील सहकारी बाई काळजीने म्हणाल्या, “मॅडम, एक मोठा श्वास घ्या बघू.” सल्ला मायेचा होता, पण तो अपुरा आहे असे माझे आता ठाम मत झाले आहे आणि त्याचे कारण आज सविस्तर लिहून ठेवायचे आहे.

घाबरलेला माणूस नकळत भरभर श्वास घेऊ लागतो. धावताना ती हवा खर्ची पडते. खुर्चीत बसल्या जागी तिची गरज नसते, त्यामुळे शरीरातील कार्बन डायऑक्साइड मात्र नको तितका बाहेर पडतो. तो घटला की रक्ताची आम्लता कमी होते, मेंदूच्या रक्तवाहिन्या काहीशा आकुंचन पावून गरगरल्यासारखे होते आणि मज्जातंतू अधिक संवेदनशील झाल्याने मुंग्या येतात. विचित्र गोष्ट अशी की, ऑक्सिजन पुरेसा असूनही श्वास पुरत नाही असेच वाटत राहते, आणि त्यात कोणी मोठा श्वास घ्यायला सांगितले तर आपण आणखी हवा ओढतो व त्रास वाढवून घेतो.

खरा उपयोग होतो तो श्वास सावकाश सोडण्याचा. श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि सोडताना व्हेगस या मज्जातंतूच्या प्रभावामुळे ती मंदावते. म्हणून मी छाती न फुगवता चार अंक मोजेपर्यंत नाकाने साधा श्वास घेते आणि सहा अंक मोजत तो सोडते. या हिशेबाने मिनिटाला सुमारे ६ श्वास होतात. एरवी स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे १२ ते २० होतात. भ्रामरी प्राणायामातही गुंजारवामुळे उच्छ्वास आपोआप लांबतो, पण कार्यालयात गुणगुणत बसले तर लेखापरीक्षक आणखी कसली चौकशी लावतील, सांगता येत नाही. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय मात्र करू नये. त्रास हृदयाचा किंवा दम्याचा असेल तर ऑक्सिजन कमी पडून तो घातक ठरू शकतो.

हे सारे लिहिण्याचा धीर मला आहे, कारण डॉक्टरांनी आधी ईसीजी, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घेतले. थायरॉइडची ग्रंथी अधिक काम करत असेल किंवा रक्तक्षय असेल तरी हीच धडधड होते. श्रमाने छातीत दुखू लागले, ते दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे सरकले किंवा शुद्ध हरपली, तर अंक मोजत न बसता तडक रुग्णालय गाठायचे, हेही त्यांनी बजावले आहे.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात जेकब दा कोस्टा या डॉक्टरांकडे धडधड, छातीतील दुखणे आणि धाप यांनी हैराण झालेले सैनिक येत. या सैनिकांविषयीचा दा कोस्टा यांचा निबंध १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयात ठळक रोग सापडत नसतानाही त्यांनी त्या तक्रारी खोट्या ठरवल्या नाहीत, हे मला फार मोलाचे वाटते. “तुला काही झालेले नाही” हे वाक्य ऐकून ज्याची धडधड थांबली, असा माणूस मला अजून भेटलेला नाही. भीतीच्या वेळी शरीरात स्रवणारे अॅड्रेनलिन खरे असते, घाम खरा असतो, आणि पोटाकडचा रक्तपुरवठा स्नायूंकडे वळल्यामुळे पोटात येणारा गोळाही खराच असतो. खरा नसतो तो समोरचा वाघ.

मनगटावरील घड्याळ मी बैठकीच्या दिवशी काढून ठेवते. नाडीचा आकडा पाहिला की भीती वाढते आणि भीती वाढली की आकडा चढतो. त्यापेक्षा खांदे कानांपर्यंत उचलून घट्ट आवळावेत आणि मग एकदम सैल सोडावेत. एडमंड जेकबसन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्नायू शिथिल करण्याची जी पद्धत मांडली, तिचाच हा प्रकार. टेबलाखाली पावले आवळली तर कोणाला दिसतही नाही.

समुपदेशक बाईंचे म्हणणे याहून थोडे कडक आहे. धडधड पूर्ण थांबल्याशिवाय दारातून आत जायचे नाही असा नियम केला, तर तो नियमच भीतीला खतपाणी घालतो. लाट बहुधा दहा मिनिटांच्या आत शिखराला पोचते आणि मग ओसरू लागते, तोवर काम सुरू ठेवावे, असे त्या सांगतात. त्यामुळे आज मुंग्या असतानाच आत गेले. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे देताना आवाज कापत होता, घसाऱ्याच्या तक्त्यावर चर्चा आली तेव्हा तो सावरला. समुपदेशक बाईंनी वहीत दोन रकाने आखायला सांगितले आहेत: काय होईल असे वाटले आणि प्रत्यक्षात काय झाले. पहिल्यात “सर्वांसमोर चक्कर येऊन पडेन” असे लिहिले आहे, दुसऱ्यात “दोन नोंदींचा खुलासा शुक्रवारपर्यंत लेखी मागितला.”