तबकडीवरची पांढुरकी पट्टी

मिरजेहून शनिवारी रात्री एसटीने स्वारगेटला उतरलो, तेव्हा पुण्यात येण्याचे कारण एकच होते, रविवारचा जुना बाजार. मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या या बाजारात पान्हे, पितळी भांडी, घड्याळांचे सुटे भाग आणि बंद पडलेले रेडिओ यांच्या पसाऱ्यात कधीतरी ध्वनिमुद्रिकांचा गठ्ठा हाती लागतो. आमच्या घरी तबल्याचे वातावरण होते. पाढे पाठ होण्याआधी वडिलांनी मला बोटांवर मात्रा मोजायला शिकवले. त्यामुळे पुढे जॅझ ऐकू लागलो तेव्हाही कान आधी सम शोधू लागला आणि या संगीताशी माझी ओळख आजही त्याच वाटेने वाढते आहे.

सकाळी एका ताडपत्रीवर, चित्रपटगीतांच्या तबकड्यांखाली, अमेरिकी जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रूबेक याच्या चौकडीची १९५९ सालची ‘टाइम आउट’ सापडली. वेष्टनाचा एक कोपरा ओल लागून फुगला होता. विक्रेत्याने चारशे सांगितले, अडीचशेला दिली आणि स्वतःहून बजावले, “दादा, एका जागी घासलीये, नंतर बोलू नका.” उन्हात तिरकी धरून पाहिली, तर पहिल्या बाजूच्या अगदी आतल्या गाण्यात, करंगळीच्या नखाएवढ्या रुंदीची पट्टी पांढुरकी पडली होती. बाकीची तबकडी काळीभोर आणि चकचकीत होती.

सदाशिव पेठेत माझे एक वडीलधारे स्नेही राहतात. त्यांना मी काका म्हणतो. त्यांच्याकडे जुना, पण उत्तम राखलेला रेकॉर्ड प्लेअर आहे. पोह्यांच्या बशा बाजूला सारून आम्ही तबकडी लावली. आतले ते गाणे म्हणजे ‘टेक फाइव्ह’, चौकडीतला सॅक्सोफोनवादक पॉल डेझमंड याची पाच मात्रांची रचना, तीन अधिक दोन अशी. पांढुरकी पट्टी नेमकी जो मोरेलोच्या ड्रमवादनाची निघाली. ब्रूबेकचा पियानो तिथे स्वतःचे काही मांडत नाही. पाच मात्रांचा तोच तुकडा तो न थकता फिरवत राहतो आणि त्या फिरण्याच्या आधारावर मोरेलो कधी एकच टोला मारून गप्प बसतो, तर कधी मात्रा भरून टाकतो. एकल तबलावादनात पेटीवाला लेहरा, म्हणजे तीच धून पुन्हा पुन्हा, धरतो, तेच हे काम. ही चौकडी १९५८ साली अमेरिकी सरकारच्या दौऱ्यावर पोलंड, तुर्कस्तान, अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि भारत अशी फिरली होती. याच तबकडीवरच्या पहिल्या रचनेतील नऊ मात्रांची दोन-दोन-दोन-तीन ही विभागणी ब्रूबेकला इस्तंबूलच्या रस्त्यावरील वादकांकडून मिळाली.

“कोणीतरी शिकलंय हिच्यावर,” काका सुई उचलत म्हणाले. मलाही तसेच वाटले. ड्रम शिकणाऱ्या कोणीतरी, कदाचित पुण्यातल्याच, सुई पुन्हा पुन्हा त्याच जागी टेकवली असेल, हात बसेपर्यंत. मिरजेत खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्या अशाच झिजवणारी माणसे मी पाहिली आहेत. अमेरिकी सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करने १९३७ च्या उन्हाळ्यात त्याच वाद्यातल्या लेस्टर यंगची वादने तबकड्यांवरूनच पाठ केली. बेल्जियममध्ये जन्मलेल्या जॅझ गिटारवादक जांगो राइनहार्टची डाव्या हाताची दोन बोटे १९२८ साली राहत्या गाडीला लागलेल्या आगीत निकामी झाली. पुढे अमेरिकी ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँगच्या तबकड्या कानावर पडल्या आणि उरलेल्या बोटांनी त्याने गिटारची नवी रीतच घडवली. गुरू समुद्रापार असला तरी तबकडी तोच पलटा हजारदा सांगते, आणि न कंटाळता सांगते.

काकांची नात इतका वेळ दारात उभी होती. ती रॅप ऐकते, थोडे लिहितेही. ती म्हणाली, “आजोबा, ही पट्टी म्हणजे ब्रेक आहे. कूल हर्कने हेच केलं होतं.” मग तिने जे समजावले ते मी मन लावून ऐकले. जमैकातील किंग्स्टनमध्ये जन्मलेल्या आणि न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये वाढलेल्या डीजे कूल हर्कने ११ ऑगस्ट १९७३ रोजी बहिणीच्या समारंभात तबकड्या वाजवल्या. गाण्यात नुसता ताल उरतो त्या काही सेकंदांचीच नाचणारे वाट पाहतात, हे त्याने हेरले होते. म्हणून तो एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावू लागला. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवरचा सुरू, आणि तोवर पहिली मागे फिरवलेली. बार्बाडोसमध्ये जन्मलेला दुसरा डीजे, ग्रँडमास्टर फ्लॅश, तर तबकडीवर मेणखडूने खुणाच करी. रॅप ज्यातून आले त्या हिप हॉपकडे मी आजवर दुर्लक्ष केले याचे त्या क्षणी मनापासून वाईट वाटले. आवर्तन हाताने घडवणारी ही माणसे माझ्या ओळखीचीच निघाली.

संध्याकाळी आम्ही तिघे कोरेगाव पार्कात एका लहानशा मंचासमोर बसलो. तीन तरुण ब्लूज वाजवत होते. गिटारवाला घसरत्या सुरांत आपल्या मिंडीच्या फार जवळ जात होता. बारा मापांच्या (बारच्या) ब्लूजमध्ये पहिली ओळ दोनदा गातात आणि तिसरी ओळ तिला उत्तर देते. माझी आजी जात्यावर ओवी म्हणताना पहिली ओळ अशीच घोळवीत असे. दुसऱ्यांदा म्हणताना तिला पुढची सुचत असावी, असे मला आज पहिल्यांदा वाटले. पुण्यात राहून हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेड्यापाड्यांतील बायांच्या लाखभर ओव्या जमवल्या. मिसिसिपीतील स्टोव्हॉल मळ्यावर १९४१ साली लोकगीते जमवणाऱ्या अ‍ॅलन लोमॅक्सने मळ्यावरचा मजूर मडी वॉटर्स याचे गाणे असेच जाऊन मुद्रित केले. स्वतःचा आवाज तबकडीतून ऐकल्यावर त्या मजुराला आपण गायक आहोत याची खात्री पटली आणि दोनच वर्षांत त्याने शिकागो गाठले. कष्टणाऱ्याच्या गाण्याला तोच एक फिरता आधार पुरतो, मग ते जाते असो की गिटार. मालीचे गिटारवादक अली फार्का तुरे यांनी अमेरिकी ब्लूज गायक जॉन ली हूकरला पहिल्यांदा ऐकले तेव्हा हे आपल्याच मुलखातले संगीत आहे असे त्यांना वाटले होते, आणि मला त्यात काहीच नवल वाटत नाही.

रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस पकडायची होती. नात मला म्हणाली, “काका, ताडीवाला रस्त्याने जाऊ, स्टेशन जवळच आहे.” रॅपर एमसी स्टॅन याच वस्तीत वाढला. एका बंद दुकानाच्या पायरीवर चार-पाच मुले बसली होती. मोबाईलवर आठ मापांचा एक तुकडा अखंड फिरत होता. त्यातला सर्वांत लहान, जेमतेम चौदा वर्षांचा मुलगा, स्वतः लिहिलेल्या ओळी म्हणत होता. पाचव्या ओळीला श्वास कमी पडून तो मागे राहिला. कोणी हसले नाही. “परत घे, पहिल्यापासून,” दुसरा म्हणाला आणि हाताने पायरीवर ठेका धरला. पुन्हा पाचव्या ओळीला अडकला. पुन्हा पहिल्यापासून. माझी बोटे आपोआप मात्रा मोजू लागली; चौथ्या वेळी तो थेट समेवर आला, तेव्हा माझ्या तोंडून मोठ्याने “वाह” निघाले.

मुलाने चमकून वर पाहिले, मग पिशवीकडे बोट करून विचारले, “काका, काय आहे त्यात?” मी तबकडी काढून दिव्याखाली धरली आणि त्याला ती पांढुरकी पट्टी दाखवली.