आमची वाटचाल: ऐकून घेण्याचा व्यवसाय

लोकांच्या आयुष्याच्या कहाण्या रेकॉर्ड करायच्या, उतरवून काढायच्या आणि घरच्यांपुरत्या प्रती छापून द्यायच्या, एवढंच आमचं काम. हे काम आम्ही मोठी दूरदृष्टी वगैरे ठेवून निवडलं असं अजिबात नाही. आधी आमचं डीटीपीचं दुकान होतं: बिलबुकं, अहवाल, माहितीपत्रकं. ती कामं लोक घरच्या संगणकावर करू लागले, भागीदार बाहेर पडला आणि कर्जाचे हप्ते माझ्या एकटीच्या वाट्याला आले. त्याच सुमारास एक गृहस्थ आईच्या आठवणींची वही टाइप करून घ्यायला आले. अक्षर काही केल्या लागेना. मी म्हटलं, आजींनाच विचारू या. त्या बोलत राहिल्या, मी रेकॉर्ड करत राहिले. व्यवसाय तिथून वळला.

एका तासाचं बोलणं कागदावर उतरवायला चार ते सहा तास जातात, दोघं एकदम बोलत असतील तर त्याहून जास्त. पण खरी कसोटी प्रश्नांची. ‘तो काळ कठीण गेला का?’ असं विचारलं की ‘हो’ म्हणून विषय संपतो. ‘त्या दिवशी घरात कोण कोण होतं?’ म्हटलं की माणूस थेट त्या घरात जाऊन उभा राहतो. आणि तो थांबला की आपणही थांबायचं. नव्या माणसाला हेच सगळ्यात जड जातं. शांतता झाली की त्याला पुढचा प्रश्न टाकायची घाई सुटते.

दुःखाचा भाग आम्ही बैठकीच्या मध्यावर घेतो, शेवटी कधीच नाही. मानसशास्त्राचे संशोधक जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी आपले सर्वांत क्लेशकारक अनुभव सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहिले. लिहून झाल्या झाल्या त्यांना उलट जास्तच वाईट वाटलं; पुढच्या काही महिन्यांत मात्र, घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांचं आजारपणासाठी दवाखान्यात जाणं इतरांपेक्षा कमी राहिलं. मन मोकळं केलं की लगेच हलकं वाटतं, यावर त्यामुळे माझा फारसा विश्वास नाही. सांगून झाल्यावर माणसाजवळ थोडा वेळ बसावं लागतं. तो वेळ आम्ही बिलात धरत नाही.

इतकी वर्षं ऐकताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. ज्या संकटाने ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, ते सांगणारा अर्ध्या वाक्यात उरकतो. ‘मग काय, निभावलं.’ आणि त्या दिवसांत दारात येऊन उभ्या राहिलेल्या एखाद्या शेजारणीबद्दल मात्र तासभर बोलतो. मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी हवाईतल्या कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा अनेक दशकं अभ्यास केला. हलाखीतूनही नीट उभ्या राहिलेल्या मुलांपाशी बहुधा आई-वडील, आजी, शिक्षक असं एक तरी भरवशाचं माणूस होतं, असं त्यांना आढळलं. मला त्याचं नवल वाटलं नाही.

काही गिऱ्हाइकं म्हणतात, ‘जरा प्रेरणादायी करा, अपयशाचं नको.’ नावं गाळतो, नाजूक तपशील सांगणाऱ्याच्या इच्छेने काढतो. पडझड काढत नाही. ती काढली तर निभावलं काय, हेच कळायचं नाही.

मध्यंतरी नव्या मुलीला सराव हवा म्हणून मी स्वतः माइकसमोर बसले. नंतर तिने उतरवलेली पानं तपासायला घेतली. कर्जाचं सगळं प्रकरण मी ‘मग फेडलं’ एवढ्यात संपवलं होतं. त्या काळात उधारीवर माल देत राहिलेल्या कागदवाल्यावर मात्र दोन पानं! ‘मग फेडलं’च्या पुढे तिने समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘कसं? पुन्हा विचारणे.’ तिने विचारलं, आणि त्या वर्षांत मी काय काय केलं होतं ते मी पहिल्यांदाच सलग ऐकलं.

तेव्हापासून नियमच केला: माइक हातात घेण्याआधी प्रत्येकाने एकदा सांगणाऱ्याच्या खुर्चीत बसायचं. एकाने साफ नकार दिला. तो पुस्तकांची बांधणी बघतो, आणि फार सुरेख करतो.