कास्पारोव्ह–टोपालोव्ह, १९९९: ३०व्या खेळीची गाठ सुटली

नेदरलँड्समधल्या विक आन झीच्या बुद्धिबळ स्पर्धेतल्या या डावातली (कास्पारोव्ह पांढरा, टोपालोव्ह काळा) सगळ्यात चिवट फांदी, म्हणजे खेळ्यांचा पर्यायी क्रम, अखेर उलगडली. २४…राजा बी६ (आकड्यापुढचे ठिपके म्हणजे काळ्याची खेळी) खेळून हत्तीचे बलिदान नाकारणे काळ्यासाठी योग्य होते, हे मागच्या नोंदीत झाले. अडले होते ते पुढे. टोपालोव्हने ३०…वजीर सी४ ऐवजी हत्ती एच८ वरून ई८ ला आणला असता तर?

३१. हत्ती बी६ (धमकी: हत्तीने ए६ मारून मात) हत्ती ए८. राजा ए४ वर कोंडलेला, पण पांढऱ्याकडे एक अख्खा हत्ती कमी. बी३ वरची मात एकटा डी५ चा वजीर अडवतोय. मग लगेच ३२. हत्ती डी६ का नको? वजीर सी४ वर येतो, बी३ राखतो आणि वर वजिरांची अदलाबदलही पुढे करतो. पुन्हा पुन्हा इथेच गाडी अडत होती.

उत्तर ३२. उंट एफ१!! सी४ चे दार बंद. शहही नाही, मारही नाही, म्हणूनच ही खेळी नजरेतून सुटते. स्टॉकफिश हा बुद्धिबळाचा संगणक-प्रोग्राम ती दाखवतो, पण कारण सांगत नाही. त्यासाठी लाकडी पटच बरा: सी४ वर एक नाणे ठेवा, म्हणजे बंद झालेले घर डोळ्यांसमोर राहते.

काळ्याचा चिवट बचाव ३२…हत्ती ई१ शह, ३३. वजीर×ई१ घोडा डी७. आता ३४. हत्ती बी७! वजीर×बी७ ३५. वजीर डी१! राजा×ए३ ३६. सी३, आणि राजाला एकही घर उरत नाही. पुढे वजीर सी१ शह, राजा बी३, वजीर सी२ शह, राजा ए३, वजीर ए२ मात. राजा बी३ ऐवजी ए४ वर गेला तरी शेवट तोच. काय सुंदर जाळे आहे!

यानंतर २८. हत्ती ए७ घ्यायचे ठरले होते (डावातल्या वजीर सी३ पेक्षा ती सरस). पण प्रत्यक्ष डावातही ३६व्या खेळीला हाच उंट एफ१ वर येतो. तिथे ३६…वजीर×एफ१ ३७. वजीर सी२ शह, राजा ई१ ३८. हत्ती ई७ शह आणि पुढच्या खेळीत मात. तेव्हा आधी या दोन उंटखेळ्या शेजारी-शेजारी दोन पटांवर मांडायच्या, हत्ती ए७ ची फांदी त्यानंतर. वरच्या उंट एफ१ च्या फांदीत ३४व्या खेळीला काळ्याने बी७ चा हत्ती मारलाच नाही तर काय, तेही तपासायचे राहिले आहे; पहिला उमेदवार ३४…घोडा ई५.