गोव्यात पिनहोलचं तोंड दक्षिणेला नको

सोलारग्राफी म्हणजे पत्र्याच्या डब्याला सुईच्या टोकाएवढं छिद्र (पिनहोल) पाडायचं, आत फोटोपेपर घालून डबा महिनोन्‌महिने एकाच जागी बांधून ठेवायचा आणि सूर्याची रोजची वाट कागदावर उमटू द्यायची. युरोपातल्या बहुतेक कृतींमध्ये पहिली सूचना असते ती डब्याचं तोंड, म्हणजे छिद्राची बाजू, दक्षिणेकडे करण्याची. लंडनमध्ये ती योग्यच आहे. गोव्यात तशीच पाळली, तर सहा महिन्यांनंतर चित्राच्या मधोमध आभाळाचा रिकामा तुकडा निघतो.

कारण साध्या हिशेबात आहे. पणजीचा अक्षांश १५.५. सूर्य सर्वांत खाली असतो त्या २२ डिसेंबरलासुद्धा माध्यान्हीला तो क्षितिजापासून ५१ अंशांवर असतो. मेच्या पहिल्या आठवड्यात शून्य सावली, आणि त्यानंतर तो माथ्यावरून चक्क उत्तरेला सरकतो. बिअरचा ३३० मिलीचा कॅन घेतला तर व्यास ६६ मिमी, उंची सुमारे ११५. छिद्र मधोमध पाडलं तर त्याच्या बरोबर समोरच्या कागदावर ४१ अंशांपर्यंतचंच आकाश मावतं. म्हणजे दक्षिणेकडे पाहणाऱ्या उभ्या कॅनला दुपारचा सूर्य वर्षातून एकदाही दिसत नाही.

म्हणून तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला करा. इथे सूर्य तिरका न चढता जवळजवळ सरळ वर चढतो, त्यामुळे कमानींऐवजी किंचित कललेल्या उभ्या रेषांचा पडदा मिळतो. उत्तरेकडच्या देशांतल्या सोलारग्राफमध्ये हे रूप येतच नाही, आणि माझ्या मते गोव्यात हा खटाटोप करण्याचं खरं कारण तेच आहे. पश्चिमेला समुद्र असेल तर डिसेंबर ते जून या काळात मावळतीची जागा क्षितिजावर सुमारे ४९ अंश सरकलेली दिसते. छिद्र मधोमध न पाडता वरच्या कडेपासून ३० मिमीवर पाडा. प्रतिमा उलटी पडत असल्याने छिद्राखाली जितका कागद जास्त, तितकं वरचं आकाश जास्त. अशानं ५२ अंशांपर्यंत पोचता येतं.

छिद्राचं माप काढायला कागदापर्यंतचं अंतर मिमीमध्ये घ्या, ०.०००५५ नं गुणा, वर्गमूळ काढा आणि १.९ नं गुणा. ६६ मिमीला ०.३६ मिमी येतं. कॅनचाच पातळ पत्रा कापून त्यावर बारीक, १० नंबरची सुई फिरवत हलकेच टोचा. आरपार घालू नका. मागे आलेला फुगवटा ६०० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा, पुन्हा टोचा, पुन्हा घासा. कड राहिली किंवा पत्रा जाड असला, तर तिरका येणारा प्रकाश अडतो आणि चित्राच्या बाजू काळवंडतात. माप तपासायला पत्रा स्कॅनरवर २४०० डीपीआयला स्कॅन करा, ०.३६ मिमी म्हणजे ३४ पिक्सेल. छिद्र गोल नसेल तर तो तुकडा टाकून द्यावा, दुरुस्तीच्या नादी लागू नये.

कागद लाल दिव्यात भरा, चकचकीत बाजू छिद्राकडे. झाकणाचा सांधा काळ्या टेपच्या दोन थरांनी बंद करा. डबा माडाला बांधू नका, माड वाऱ्यानं हलतो. चिऱ्याचा गडगा किंवा गच्चीचा कठडा उत्तम. महिन्यातून एकदा छिद्रावर कोळ्याचं जाळं किंवा मुंग्या आहेत का, तेवढं पाहा, पण डबा हलवू नका. २२ डिसेंबरला सुरुवात करून मृग लागायच्या आत उतरवा. मेअखेरीस सूर्याच्या उत्तरेकडच्या प्रवासाचा जेमतेम दीड अंश उरलेला असतो. तेवढ्यासाठी कागद पावसात भिजवण्यात अर्थ नाही. हा कागद डेव्हलपही करायचा नाही, फिक्सही करायचा नाही. मंद उजेडात काढून एकदाच स्कॅन करा आणि संगणकावर निगेटिव्हची पॉझिटिव्ह करा. स्कॅनरच्या दिव्यानंही तो काळवंडतो, तेव्हा रिझोल्यूशन आधीच ठरवून ठेवा.

महिनोन्‌महिन्यांऐवजी पिनहोलनं नेहमीसारखा एकच फोटो काढायला १०० मिमी खोल डबा, ०.४५ मिमी छिद्र, म्हणजे एफ/२२२ (खोली भागिले छिद्राचा व्यास). फोटोपेपरची प्रकाश टिपण्याची क्षमता ६ आयएसओ धरून कडक उन्हात अर्धं मिनिट. पुढे त्यावरून सायनोटाइप (लोहाच्या क्षारांचा लेप दिलेल्या कागदावर उन्हात उमटणारी निळी प्रत) छापायचा असेल तर मात्र प्लॅस्टिकच्या थराचा आरसी पेपर निगेटिव्ह म्हणून वापरू नका. त्यातला टायटॅनियम डायऑक्साइड अतिनील किरण अडवतो. एक्स-रे फिल्म घ्या, ५० आयएसओ धरून ४ सेकंदांपासून चाचणी करा. तिच्या दोन्ही बाजूंना इमल्शन (प्रकाश टिपणारा जिलेटिनचा थर) असतं, म्हणून ट्रेच्या तळाशी काच ठेवा आणि एका वेळी एकच फिल्म धुवा, नाहीतर ओरखडे ठरलेले. इथे नळाचं पाणी ३० अंशांच्या आसपास असतं आणि त्यात जिलेटिन मऊ पडतं. ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवून सगळी द्रावणं २४ अंशांवर आणा. एक थंड आणि एक गरम राहिलं तर इमल्शनला सुरकुत्या पडतात.

सायनोटाइपची कृती जॉन हर्शेलची, १८४२ सालची. १०० मिली पाण्यात २५ ग्रॅम हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट आणि दुसऱ्या १०० मिलीत १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. दोन्ही वेगळ्या गडद बाटल्यांत ठेवा. पहिल्यावर दमट हवेत बुरशी धरते, म्हणून थोडंच करा. वापरताना समभाग मिसळा. ए४ कागदाला ३-४ मिली पुरतं. पावसाळ्यात लेप तासन्‌तास ओला राहतो, तंतूंत मुरतो आणि धुताना वाहून जातो. पाच मिनिटांनी पंख्याखाली अंधारात वाळवा आणि त्याच दिवशी छापा. पिवळट हिरवा लेप उजेड दाखवण्याआधीच निळसर झाला असेल तर तो कागद गेला. मेच्या उन्हात १० मिनिटांपासून सुरू करा. ढगाळ हवेत पाऊण तासही लागतो. घड्याळापेक्षा कागद बघावा : गडद भाग राखाडी, धातूसारखा दिसू लागला की पुरे.

धुण्याचं पाणी इथे नीट पारखून घ्यावं लागतं. चिऱ्याच्या जमिनीतल्या ज्या विहिरीच्या पाण्यानं बादलीला तांबूस डाग पडतात, त्यात लोह असतं. न वापरलेल्या फेरिसायनाइडशी त्याचा संयोग होऊन पांढऱ्या जागा निळ्या पडतात. अशा वेळी पहिली धुलाई पावसाच्या पागोळीच्या पाण्यात करा, लिटरला चिमूटभर सायट्रिक ॲसिड घालून. पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत धुवा. साबण आणि धुण्याचा सोडा लांब ठेवा. भिंतीवरच्या उन्हानं फिकट झालेली प्रत काही दिवस अंधाऱ्या कपाटात ठेवली की निळा रंग बराचसा परत येतो. सोड्यानं गेलेला मात्र असा परत येत नाही.