भुईआवळा मागायला आलेले काका

श्रावणाची झड लागली की माझ्या दुकानात गिऱ्हाईक कमी आणि काम जास्त असतं. दुकान म्हणजे इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या जुन्या घराची पुढची खोली. भिंतीला फळ्या, फळ्यांवर बरण्या, कोपऱ्यात सासूबाईंचा लोखंडी खलबत्ता. अशा हवेत शतावरीच्या मुळ्या बघता बघता नरम पडतात, ज्येष्ठमधाला बुरशी धरते, म्हणून एकेक बरणी उघडून वास घेत बसावं लागतं. अश्वगंधा आणि इसबगोल आम्ही नीमचच्या मंडीतून आणतो, हिरडा, बेहडा, सुंठ इथल्याच सियागंज बाजारातून. बाकीचं मागच्या अंगणात आहे: अडुळसा, कोरफड, गवती चहा, आणि कडुनिंबावर पार शेंड्यापर्यंत गेलेली गुळवेल.

२०२२ सालच्या श्रावणातली ही गोष्ट. सकाळी मागच्या गल्लीतले काका छत्री मिटत ओट्यावर आले.

"बेटा, भुईआवळा आहे का गं ताजा? काकूला कावीळ झालीय."

भुईआवळा पावसाळ्यात आमच्या अंगणात आपोआप उगवतो. पानांच्या खालच्या बाजूने मोहरीएवढी हिरवी फळं ओळीने लागतात, त्यावरून तो लगेच ओळखू येतो. कावीळ म्हटली की आमच्याकडच्या चार घरांत तरी पहिलं नाव त्याचंच निघतं. मी उठले, अंगणात गेले, वाकले, आणि मूठभर उपटलासुद्धा. मग परत येताना सहज विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरकडे कशाला? बाहेरचं काही खाल्लं असेल. आणि तसंही ती रोज सकाळी गुळवेलीचा काढा घेते. होळीपासून एक दिवस चुकलेला नाही. तूच नाही का दिली होतीस वेल!"

भुईआवळ्याची मूठ माझ्या हातातच राहिली.

२०२०च्या लॉकडाउनपासून गुळवेलीसाठी आमच्या दारात रांगच असायची. मी अंगठ्याएवढ्या जाडीचे, वीतभर लांबीचे तुकडे कापून देत होते, बहुतेकांना फुकट. ही वेल अशी चिवट की कापलेला तुकडा आठवडाभर कोरडा पडून राहिला तरी मातीत खोचला की फुटतो. संस्कृतात तिला छिन्नरुहा म्हणतात ते यावरूनच. आम्हाला तेव्हा ते पुण्यकर्म वाटत होतं. मलाही वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

पण २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं लिहिलं होतं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही. गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीशी गल्लत झाली असावी, असं त्यांचं म्हणणं. ते वाचून मी निश्चिंत झाले होते. माझी वेल खरी आहे, मग मला काय भीती, असं.

"काका, भुईआवळा राहू द्या. आधी मला काकूंना बघू द्या."

काकू खिडकीजवळ पलंगावर बसल्या होत्या. बाहेर ढगाळ होतं, तरी डोळ्यांतला पिवळेपणा दारातूनच दिसला. तळहात खाजवून लाल झालेले. चार दिवसांपासून लघवी चहासारखी होते आणि पोह्यांचा वासही नको वाटतो, म्हणाल्या. इंदूरच्या बाईला सकाळचे पोहे नकोसे होतात, तेव्हा दुखणं साधं नसतं.

मी रिक्षा बोलवायला सांगितली आणि तेवढ्यात मागच्या गॅलरीत गेले. जाळीवर वेल चढलेली होती. पान तोडून पाहिलं: बदामाच्या आकाराचं, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, लव नाही. खोड नखाने खरवडलं, वरची पातळ कागदी साल सुटली आणि खाली हिरवंगार. त्या दुसऱ्या जातीच्या खोडावर चामखिळीसारख्या गाठी असतात, कापल्यावर दुधाळ चीक येतो. इथे गाठ नव्हती, चीक नव्हता. आडवा काप घेतला तर मधोमध गाडीच्या चाकासारखे आरे. माझीच वेल, शंभर टक्के खरी गुळवेल. एरवी असा काप पाहून मला समाधान वाटतं. त्या दिवशी पोटात गोळा आला, कारण आता गल्लतीकडे बोट दाखवायचीही सोय उरली नव्हती.

तो तुकडा मी पदरात बांधून घेतला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काही औषधं चालू आहेत?"

"थायरॉईडची गोळी, बाकी काही नाही," काका म्हणाले. काकूंनीही मान डोलावली.

ते खोटं बोलत नव्हते. आपल्याकडे काढ्याला औषध म्हणतच नाहीत. तुळस, गुळवेल, सुंठ हे घरातलंच, ते काय डॉक्टरला सांगायचं? मी दाराशी उभी होते. हे सांगितलं तर उद्या सगळ्या गल्लीत होईल की हिच्या दुकानातल्या वेलीने काकूला कावीळ झाली. क्षणभर गप्प राहावंसं वाटलं. मग पुढे झाले, तुकडा टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "पाच महिने रोज याचा काढा घेताहेत. बोटभर लांबीचा तुकडा, दोन कप पाण्यात उकळून एक कप उरेपर्यंत. वेल मी दिलेली आहे."

डॉक्टरांनी तुकडा हातात घेऊन उलटापालटा केला. रागावले नाहीत. लिहून घेतलं आणि म्हणाले, "बरं झालं आणलंत. हे आजपासून बंद. दुसरा कुठलाही पालापाचोळा सुरू करू नका." पालापाचोळा हा शब्द मला लागला. पण माझ्या ओट्यावर पडलेली भुईआवळ्याची मूठ आठवली आणि मी काही बोलले नाही.

रक्ताचे रिपोर्ट संध्याकाळी आले. एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक, साधारण ४०च्या आत असावा लागतो, काकूंचा ६००च्या वर होता. पुढच्या दिवसांत पाण्यातून होणारी कावीळ नसल्याचं ठरलं, यकृताचा तुकडा तपासायला गेला. निदान असं झालं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटली होती. त्यांचा थायरॉईडचा आजारही त्याच जातीचा. हा दोष आत दबून असणार आणि काढ्याने तो उसळला असावा, असं डॉक्टरांचं मत पडलं. गुळवेलीनेच झालं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. त्याच वर्षी देशभरातल्या १३ केंद्रांतल्या ४३ रुग्णांचा अभ्यास छापून आला होता, त्यातही हाच निष्कर्ष होता: ज्यांच्यात असा विकार लपलेला असतो, त्यांचा तो गुळवेलीने उघड होऊ शकतो. प्रतिकारशक्ती वाढवते म्हणून आम्ही जी वेल वाटत होतो, ती उलटलेल्या प्रतिकारशक्तीलाही बळ देत असेल, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

त्या रात्री मी दुकानाच्या वह्या काढून बसले. सहा वर्षांच्या वह्या. कुणाला किती तोळे, किती ग्रॅम, किती पैसे, उधारी, सगळं होतं. घेणाऱ्याला काय आजार आहे, कोणती गोळी चालू आहे, याची एक ओळ नव्हती. झाड ओळखण्यात माझी आयुष्यभराची मेहनत गेली. सासूबाईंनी पान, काप, वास, चव असं करून शिकवलं. समोर उभ्या असलेल्या माणसाला मात्र मी "कशासाठी हवंय" एवढंच विचारत आले.

दुसऱ्या दिवसापासून आठवतील त्यांना फोन केले. एकेचाळीस घरं आठवली. दोघींना थायरॉईड होता, एकांना संधिवात, त्याच प्रकारातला. त्यांनी बंद केलं. एक आजोबा भडकले, "आमच्या आजीने जन्मभर घेतली, तू आम्हाला शिकवतेस?" मी म्हटलं, घ्या, पण एकदा डॉक्टरांना विचारून घ्या. त्यांनी फोन ठेवला.

वेल मी काढून टाकली नाही. तिच्यावर माझा राग नाही, आजही ती निंबावर आहे. मात्र तुकडा देताना आता वहीत आणखी दोन रकाने भरते, आणि रोज महिनोन् महिने घ्यायचं असं कुणी म्हटलं तर वैद्यांची चिठ्ठी मागते. काही गिऱ्हाईकं यामुळे तुटली.

काकूंच्या डोळ्यांचा पिवळेपणा उतरायला दोन महिने लागले. गोळ्या अजून चालू होत्या, तोंडावर थोडी सूज होती, पण दिवाळीच्या आधी त्या स्वतः चालत दुकानात आल्या. उटण्याचं सामान हवं होतं. मी नागरमोथा, वाळा, आंबेहळद, संत्र्याची साल एकेक करून तोलली. पुडी बांधता बांधता हात थांबला.

"काकू, अंगाला लावायचंच ना हे?"

"लावायचंच गं बाई," त्या म्हणाल्या, आणि वही स्वतःकडे ओढून रकान्यात आपलं नाव लिहू लागल्या.