आमची वाटचाल : हलक्या बॅटरीचे ओझे

फोर्कलिफ्टच्या, म्हणजे गोदामात माल उचलणाऱ्या गाड्यांच्या, बॅटऱ्या बांधण्याचा आमचा व्यवसाय लेड-ॲसिडवर (शिसे आणि ॲसिडच्या बॅटऱ्यांवर) उभा राहिला. ४८ व्होल्ट, ६०० अँपिअर-अवर (बॅटरीच्या क्षमतेचे माप) असा संच म्हणजे २ व्होल्टचे २४ ट्यूब्युलर सेल आणि जवळपास टनभर वजन. सुरुवातीला आमची खरी मालमत्ता म्हणजे शिसे जोडण्याचा टॉर्च, दांड्याला इन्सुलेशन असलेला टॉर्क रेंच आणि एक हायड्रोमीटर, म्हणजे सेलमधल्या ॲसिडची सापेक्ष घनता मोजणारे साधन. पूर्ण चार्जनंतर तेवीस सेलमध्ये तरंगता काटा १.२८ च्या आसपास थांबतो आणि एकाच सेलमध्ये १.२२ ला बुडतो, तेव्हा सगळा संच कोण खाली ओढणार आहे हे स्पष्ट होते. डिस्प्लेवरची टक्केवारी ते सांगत नाही. (डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगनंतरच भरावे. आधी काठोकाठ भरले तर ॲसिड वर येऊन सेल ठेवायचा ट्रे खाते, हे सांगून आमचा घसा बसला आहे.)

पुढची बरीच वर्षे काम मिळत गेले आणि हिशेब जुळत गेला.

लिथियम आले तेव्हा आम्ही त्याला विरोध केला, असे आजही काही जण सांगतात, आणि ते धादांत खोटे आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटचे ३.२ व्होल्टचे १६ सेल जोडून संच बांधण्यास आम्ही लवकरच सुरुवात केली होती. मात्र त्याच सुमारास आलेल्या एका प्रतिस्पर्ध्याने तासाभरात चार्ज, एक तृतीयांश वजन आणि पाण्याची कटकट नाही, अशी जाहिरात करून आमचे निम्म्याहून अधिक ग्राहक नेले. तिन्ही दावे सुटे घेतले तर खरे होते, आणि म्हणूनच त्यांचा प्रतिवाद करणे अवघड होते. ४८ व्होल्ट, ६०० अँपिअर-अवरचा, म्हणजे २८.८ किलोवॅट-अवरचा संच तासात भरायचा तर ३० किलोवॅटच्या आसपासची वीज एकदम लागते. आठ तासांत भरायचा तर सुमारे चार किलोवॅट पुरतात. म्हणजे वाचलेला वेळ जोडभारावर (एकदम ओढल्या जाणाऱ्या विजेवर) चढतो, आणि दोन गाड्या एकाच वेळी लावल्या की मुख्य ब्रेकर पडतो. हे सांगणाऱ्या आम्हाला लोक जुनाट म्हणत होते, आणि कारागिरांचे पगार आम्ही उसनवारीवर भागवत होतो.

त्या काळात आमचे एक ग्राहक, गोदामवाले काका, आमच्याकडे टिकून राहिले. त्यांनीही एक गाडी त्या प्रतिस्पर्ध्याच्या संचावर चालवून पाहिली होती. ड्रायव्हर म्हणाला, "स्टिअरिंग एकदम हलके झाले आहे," आणि संच बसवणाऱ्याने ती स्तुती समजून मान डोलावली. काकांनी मात्र आम्हाला बोलावले. फोर्कलिफ्टची वळणारी चाके मागे असतात आणि पुढच्या मालाला तोलून धरण्यात बॅटरीच्या वजनाचा वाटा असतो. गाडीच्या नेमप्लेटवर बॅटरीचे किमान वजन छापलेले असते ते याचसाठी. टनाच्या जागी ३०० किलोंचा संच बसल्यामुळे उतारावर माल उचलताच मागची चाके जमिनीवरची पकड सोडू लागली होती. आम्ही ट्रेच्या तळाशी पोलादी पट्ट्या बसवून नेमप्लेटवरचे वजन भरून काढले आणि काकांनी उरलेल्या सर्व गाड्यांचे काम आमच्याकडे दिले. त्या कामावर आम्ही तरलो.

नवा संच घेणाऱ्याने विक्रेत्याला अँपिअर-अवर विचारण्याआधी नेमप्लेट वाचावी. एकाच पाळीत काम असेल, चार्जिंगला रात्र मोकळी असेल आणि चार्जिंगमध्ये निघणारा हायड्रोजन बाहेर जाण्याइतकी हवा खेळती असेल, तर लेड-ॲसिड आजही आम्ही बेधडक सुचवतो. दोन-तीन पाळ्या असतील तर आम्ही लिथियमच सुचवतो. मात्र शीतगृहातली गाडी असेल तर संचात हीटर आहे का ते विचारावे, कारण सेल शून्य अंशाखाली असताना चार्ज केला तर आत धातुरूप लिथियम साचून तो कायमचा खराब होतो.

आमचा तो प्रतिस्पर्धी आता तशाच पोलादी पट्ट्या 'सेफ्टी किट' म्हणून वेगळे पैसे लावून विकतो. आमच्या संचात त्या पहिल्यापासून ट्रेचाच भाग आहेत आणि त्यांचे वजन धरूनच संचाचे एकूण वजन छापले जाते.