बिना ओव्हनचा केक : आमची वाटचाल

आमच्या दुकानात ओव्हन नाही. सुरुवातीला घ्यायची ऐपत नव्हती. आता आहे, तरी घेतलेला नाही आणि घेणारही नाही. जुळे सोलापूरपासून अशोक चौकापर्यंत ज्यांच्या घरी वाढदिवसाला आमचा केक जातो, त्यांना हे पाठ आहे. पण मधल्या काळात 'ओव्हन नाही म्हणजे केक कच्चा' असं गावभर पसरवलं गेलं, दुकानाला कुलूप लागायची वेळ आली आणि त्याचा खुलासा आजवर कुणी केला नाही. म्हणून तो मीच लिहितो आहे.

मी मूळचा मागवाला. पूर्व भागात वडिलांचे यंत्रमाग होते, टॉवेल निघायचा. नोटाबंदी झाली, पुढच्या वर्षी जीएसटी आला, व्यापाऱ्यांकडे पैसे अडकले ते अडकलेच. माग भंगाराच्या भावाने गेले. त्यावर जास्त लिहीत नाही, पूर्व भागात ही कथा घराघरात आहे.

माग गेले त्याच उन्हाळ्यात धाकट्या मुलीचा वाढदिवस आला. बेकरीचा केक आणायचा म्हणजे तेव्हा दहा वेळा विचार करावा लागे. शिवाय आईला अंड्याचं चालत नाही, म्हणजे घरातलं मोठं माणूस केक कापताना लांब बसणार. थोरली वहिनी म्हणाली, "भावजी, माझा फ्रीज आहे की. आपणच करू." आमचा फ्रीज तोवर विकून झाला होता. मारी बिस्किटं कॉफीच्या दुधात बुचकळून थरावर थर लावले, मध्ये चक्का, पिठीसाखर आणि साय घोटून केलेलं क्रीम. रात्रभर वहिनीच्या फ्रीजमध्ये ठेवलं, सकाळी ताटात उलटं केलं, बाहेरून सुरीने चक्का लिंपला आणि वर शेंगदाण्याच्या चिक्कीचा चुरा दाबला. गॅस पेटवला तो फक्त कॉफीपुरता. आईने दोनदा मागून घेतला. आठवड्याभरात शेजारच्या तीन घरांनी तसाच करून मागितला आणि धंदा सुरू झाला.

वहिनीबद्दल एवढं सांगितलंच पाहिजे, की पहिल्या वर्षी तिने एक रुपया घेतला नाही. तिच्या फ्रीजमध्ये भाजीला जागा उरली नव्हती, दादा रोज कुरकुर करायचे, पण ती हलली नाही. आज ती निम्म्याची भागीदार आहे आणि हिशेबाची वही तिच्याच हातात असते. नवीन धंदा करणाऱ्यांनी भागीदार घेताना त्याच्याकडे भांडवल किती हे नंतर बघावं. तो आपल्यासाठी स्वतःची किती गैरसोय सोसतो, हे आधी बघावं.

हत्यारांबद्दल लिहितो, कारण नवीन मुलं इथेच पैसे वाया घालवतात. आम्ही सामान पुण्याच्या बोहरी आळीतून आणायचो. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने जायचं, संध्याकाळच्या हुतात्माने परत. तिथे प्लॅस्टिकचं हलकं टर्नटेबल, म्हणजे केक ठेवून फिरवायची चकती, स्वस्त मिळतं, ते घेऊ नका. बिडाच्या बैठकीचं घ्या. जड असतं, पण आइसिंग फिरवताना जागचं हलत नाही. आमचं अजून पहिलंच चालू आहे. दर काही महिन्यांनी बेअरिंग मी स्वतः खोलून साफ करतो. मागावर बसलेल्या माणसाला खडखडाट सहन होत नाही. पॅलेट नाइफ, म्हणजे क्रीम लिंपायची बोथट सुरी, दोन ठेवा, एक सरळ आणि एक वाकडा. सरळ कडेला, वाकडा माथ्यावर. कड सारखी करायची पट्टी, म्हणजे स्क्रॅपर, स्टीलचा, प्लॅस्टिकचा नव्हे. आइसिंगचा थर टॉवेलच्या लूपसारखा एका उंचीचा बसला पाहिजे. कुठे जाड, कुठे पातळ असा माल आम्ही मागावर नाकारायचो, इथेही नाकारतो.

सगळ्यात लाडकी वस्तू म्हणजे आमची रिंग. बिनभाजलेल्या केकला साचा मजबूत लागतो, कारण त्याला आकार भट्टी देत नाही, साचा देतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडून स्टीलची रिंग करून घेतली, सात इंच व्यासाची, तीन इंच उंच. वेल्डिंगचा सांधा त्याने आतून इतका घासून दिला की नख फिरवलं तरी लागत नाही. आतून पारदर्शक शीट लावायची, थर भरायचे, वरून हलका दाब द्यायचा. बाहेर काढताना गरम फडक्याने रिंग पुसून किंचित कोमट केली की केक आपोआप सुटतो. त्याने मजुरी घेतली नाही, मुलाच्या वाढदिवसाला केक मागितला. तो केक मी अजून देतो.

क्रीम हा मात्र सोलापुरात जीव घेणारा विषय आहे. एप्रिल-मे मध्ये बाहेर ४२-४३ अंश असतं. नॉन-डेअरी, म्हणजे दुधाऐवजी वनस्पती तेलाची क्रीम उणे १८ वर ठेवायची, आदल्या रात्री फ्रीजमध्ये उतरवायची, आणि ७ ते १० अंशांच्या मध्ये असतानाच फेटायची. बाऊल बर्फात, बीटरचे दांडे डीप फ्रीजमधून काढलेले. वेग मध्यम. अडीच-तीन पट फुगली, बीटरच्या रेघा राहू लागल्या आणि टोक जरासं वाकलं की थांबायचं. दाणेदार झाली तर न फेटलेली क्रीम चमचाभर घालून हाताने फिरवा, बहुतेक वेळा सावरते. एकदा उतरवलेली क्रीम पुन्हा गोठवू नका. नुसत्या नॉन-डेअरीची चव तोंडाला तुपकट लागते, म्हणून आम्ही त्यात निम्मा चक्का घालतो. चक्का रात्रभर टांगलेला हवा, पाणी सुटता कामा नये. आमचं गिऱ्हाईक श्रीखंडावर वाढलेलं आहे, त्याला ही आंबट-गोड चव लगेच कळते.

आंब्याच्या थराला आम्ही अगर-अगर वापरतो, जिलेटीन कधीच नाही. जिलेटीन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. आमची निम्मी गिऱ्हाइकं लिंगायत, जैन, मारवाडी. त्यांना न सांगता ते खाऊ घालणं मी पाप समजतो. आणि व्यवहाराचं म्हणाल तर जिलेटीन ३५ अंशांच्या आसपास वितळतं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी रिक्षातून केक नेला तर थर वाटेतच वाहणार. अगर समुद्री शेवाळाचं. ते नीट उकळावं लागतं, पण एकदा बसलं की ८५ अंशांपर्यंत हलत नाही.

आता तो २०१९ चा उन्हाळा.

आमच्याच रस्त्यावर एक जुनी बेकरी आहे. नाव घेत नाही. सुरुवातीला मालक येता-जाता नमस्कार करायचे. अंड्याशिवायच्या वाढदिवसाच्या ऑर्डरी आमच्याकडे वळू लागल्या तसा तो नमस्कार बंद झाला आणि काउंटरवर एक वाक्य सुरू झालं, "तो केक भाजलेला नसतो हो, कच्चा मैदा असतो." हे आमच्या कानावर येत होतं. आम्ही उत्तर दिलं नाही, धंद्यात असं चालतं म्हणून सोडून दिलं.

मग एका सोसायटीत एका मुलाचा वाढदिवस झाला. पार्टीत पाणीपुरीचा गाडा होता, बर्फाचा गोळा होता आणि आमचा केक होता. दुसऱ्या दिवशी काही मुलांची पोटं बिघडली. संध्याकाळपर्यंत आमच्या बॉक्सचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होता : 'बिनभाजलेल्या मैद्याचा केक, मुलांना देऊ नका.' गोळ्याचा फोटो नाही, पाणीपुरीचा नाही, फक्त आमचा. मी त्या मुलाच्या वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "केकमुळे झालं असं मी कुठेच म्हटलं नाही." मी म्हटलं, एवढंच ग्रुपवर लिहा. त्यांनी लिहिलं नाही. ही गोष्ट मी विसरलेलो नाही.

खरं काय ते इथे स्पष्ट लिहितो. कच्च्या मैद्यात जंतू असू शकतात, तो न भाजता खाऊ नये, हे शंभर टक्के बरोबर आहे. पण आमच्या केकात मैदा येतो तो बिस्किटातून, आणि बिस्कीट कारखान्याच्या भट्टीतून भाजून, पुड्यात बंद होऊन येतं. आमच्याकडे मैद्याचं पोतं कधी आलंच नाही. हे समजायला शास्त्रज्ञ व्हावं लागत नाही. तरी शिकलेली माणसं तो मेसेज पुढे ढकलत राहिली.

महिन्याभरात ऑर्डरी जवळजवळ थांबल्या. ऐन सुट्टीत, जेव्हा मुलांचे वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस एकावर एक येतात, तेव्हा आम्ही रिकामे बसलो. डीप फ्रीजचे हप्ते चालू होते, क्रीमच्या पेट्यांची तारीख संपत होती. वहिनीने पोस्टातली ठेव मोडली आणि दादांना नंतर सांगितलं. कामाचा मुलगा स्वतःहून म्हणाला, "दोन महिने पगार नको." बायको रात्री बसून एकेका जुन्या गिऱ्हाइकाला फोन करायची. निम्मे फोन उचलले जायचे नाहीत.

अशा वेळी अक्का आली. अक्का तेलुगू, पूर्व भागातली, जन्मभर विड्या वळल्या. घरातल्या प्रत्येकाचा वाढदिवस ती आमच्याच केकवर करते, नातवापासून जावयापर्यंत. तिचा स्वतःचा जन्मदिवस तिला ठाऊक नाही, आधार कार्डावर १ जून आहे, म्हणून १ जूनला तिचा. त्या दिवशी ती भाच्याला घेऊन दुकानात उभी राहिली. भाचा एका वकिलाकडे कारकून. म्हणाली, "काय रे, तोंड पाडून बसायलास काय? बिस्कीट काय कच्चं असतंय का? दोन केक दे. एक कापायला आणि एक तपासायला."

मला आधी कळेना. भाच्याने समजावलं. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६, कलम ४०. ग्राहक स्वतः विकत घेतलेला पदार्थ फी भरून अन्न विश्लेषकाकडून, म्हणजे कायद्याने नेमलेल्या तपासनिसाकडून, तपासून घेऊ शकतो. अट एवढीच, की घेतानाच दुकानदाराला तसं सांगायचं. म्हणून अक्का, रस्त्यावरच्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात, मला सांगत होती की हा केक ती तपासणीला पाठवणार. बर्फाच्या पेटीतून नमुना गेला. फी मी देतो म्हटलं, तर माझ्यावरच ओरडली. "तू दिलास तर लोक म्हणतील दुकानदारानं केलं." माल खराब निघाला तरच फी परत मिळते. म्हणजे आमचा माल चांगला निघावा म्हणून तिने स्वतःचे पैसे घालवले.

कायद्याने अहवालाला १४ दिवसांची मुदत आहे. ते दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. अहवाल आला : माल प्रमाणानुसार. मी तो लॅमिनेट करून काउंटरच्या मागे लावला, आजही आहे. भाच्याने त्याचा फोटो ज्या ज्या ग्रुपवर तो मेसेज फिरला होता तिथे टाकला. पहिला मेसेज ज्या वेगाने फिरला, त्या वेगाने हा फिरला नाही. पण गिऱ्हाईक परत यायला लागलं. ज्यांनी पसरवलं त्यांच्यातला एकही माणूस 'चुकलं' म्हणायला आला नाही.

त्यानंतर सगळं सुरळीत आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दुकान बंद होतं, तेव्हा लोकांनी घरीच वाढदिवस केले आणि आम्ही मागेल त्याला फोनवर कृती सांगितली. हातचं राखलं नाही. तीच माणसं आज आमची पक्की गिऱ्हाइकं आहेत.

कृती अजूनही सांगतो. घरच्या अर्ध्या किलोच्या केकला साधारण २०० ग्रॅम मारी. कॉफीचं दूध गार हवं, बिस्कीट बुडवून लगेच बाहेर, रेंगाळलं की लगदा. एक थर बिस्किटांचा, एक क्रीमचा, शेवटी बिस्कीट. निदान सहा तास फ्रीजमध्ये, रात्रभर उत्तम. मग पातळ क्रंब कोट, म्हणजे चुरा धरून ठेवणारा क्रीमचा पहिला हात, अर्धा तास थंडावा, आणि वरचं आइसिंग. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून मगच कापा. प्रत्येक कापाला पुसा.

आणि एक विनंती, कुणी विचारली नाही तरी करतो. वाढदिवसाच्या मुलाच्या तोंडाला केक फासू नका. त्या गुळगुळीत कडेसाठी माझी बायको रात्री अकरापर्यंत टर्नटेबलसमोर उभी असते. डोळ्यात क्रीम जाऊन रडणारी पोरं मी डिलिव्हरी देताना पाहिली आहेत. ठिणग्या उडवणाऱ्या फुलबाज्या मेणबत्तीही लावू नका, तिची राख आइसिंगवर पडते आणि तीच मुलं खातात. साधी मेणबत्ती लावा, आजीला पुढे बसवा, पहिला घास तिला द्या. अंडं नसलेला केक आम्ही त्यासाठीच करतो.

आमच्या रस्त्यावरच्या त्या बेकरीत आता 'नो-बेक केक मिळेल' असा बोर्ड लागला आहे. किंमत आमच्यापेक्षा वीस रुपये कमी. घ्यायचा त्यांनी जरूर घ्यावा. त्यात जिलेटीन आहे की अगर, एवढं मात्र काउंटरवर विचारून घ्यावं.